तीन ते सहा वर्षांच्या मुलांची कल्पकता: पाहायची कशी, नोंदवायची कशी

बालवर्गाच्या प्रगतिपत्रकात ‘सर्जनशीलता’ असा एक रकाना असतो आणि त्यासमोर ‘चांगली’, ‘उत्तम’ किंवा ‘सुधारणेस वाव’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. हा रकाना मला खटकतो. मूल काय करत होतं, कुठे अडलं, अडल्यावर त्याला काय सुचलं, यातलं काहीच त्यातून कळत नाही. मी बालवर्गाला शिकवते आणि नव्याने आलेल्या ताईंना निरीक्षणही शिकवते. त्यांना माझं पहिलं सांगणं असतं की नोंदवहीत विशेषणं लिहू नका, मुलाने काय काय केलं ते लिहा. ‘खूप कल्पक आहे’ हे वाचून पुढच्या ताईच्या हाती काही लागत नाही. ‘कप उलटा धरला, त्याच्यावर दोन बोटं चालवली, मग हात आत घालून म्हणाला, माझा हात घरात गेला’ हे वाचलं की ते मूल डोळ्यांसमोर उभं राहतं.

हे काम करायला महागडं साहित्य लागत नाही. लागतो तो वेळ, आणि गप्प बसण्याची सवय.

काय शोधायचं

जे. पी. गिलफर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५० साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेतल्या आपल्या अध्यक्षीय भाषणात सर्जनशीलतेच्या अभ्यासाकडे झालेलं दुर्लक्ष ठासून मांडलं. एकच बरोबर उत्तर गाठणारा विचार वेगळा आणि एका प्रश्नातून अनेक वाटा फोडणारा विचार वेगळा, हे त्याने दाखवलं. या दुसऱ्या प्रकाराला आपल्याकडच्या पुस्तकांत ‘अपसारी विचार’ म्हणतात. त्यात चार गोष्टी पाहतात: किती कल्पना सुचल्या तो ओघ, किती वेगवेगळ्या प्रकारच्या सुचल्या ती लवचिकता, इतरांना न सुचलेलं किती सुचलं ते नावीन्य, आणि सुचलेलं किती फुलवलं तो तपशील.

या चारांत ओघ मोजायला सगळ्यात सोपा आहे, म्हणून बहुतेक जण तेवढाच मोजतात. लहान मुलांच्या बाबतीत तोच सगळ्यात जास्त फसवतो. बोलकं मूल भराभर दहा उत्तरं देतं आणि अबोल मूल तीन. त्या दहांत एकच कल्पना दहा कपडे बदलून आलेली असू शकते. माझ्या मते या वयात लवचिकतेला सर्वांत जास्त वजन द्यावं. मूल एका वाटेवरून उतरून दुसऱ्या वाटेला कधी लागलं, तो क्षण नोंदीत सापडला पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे, या वयाची मुलं हातांनी आणि अंगानेच जास्त विचार करतात. पॉल टॉरन्स या मानसशास्त्रज्ञाच्या सर्जनशीलतेच्या १९६६ च्या प्रसिद्ध चाचण्यांत उत्तरं लिहायची, सांगायची किंवा रेखाटायची असतात. पुढे १९८१ मध्ये त्याने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी निराळी चाचणी काढली. तिच्यात मुलाने हालचाल करून दाखवलेलं उत्तरही बोललेल्या उत्तराइतकंच धरतात, आणि वेळेचं बंधन नसतं. आणखी लहानांसाठी, म्हणजे एक-दोन वर्षांच्या बाळांसाठी, एलेना होइका आणि तिच्या सहकाऱ्यांनी भोकं, दोऱ्या, पायऱ्या असलेलं एक खोकं वापरलं. बाळाच्या हातात एकेक अनोळखी वस्तू द्यायची आणि ते खोक्याच्या कुठल्या भागावर कोणकोणत्या क्रिया करतं ते मोजायचं. एक शब्दही न बोलता कल्पकता दिसू शकते, हे यातून पटतं.

बसायचं कसं

मूल ज्या मोठ्या माणसाला ओळखतं, त्यानेच हे करावं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांसमोर तीन वर्षांचं मूल गप्प झालं तर त्यातून कल्पकतेबद्दल काही सिद्ध होत नाही. जमिनीवर, मुलाच्या उंचीला येऊन बसा. एका वेळी एकच मूल घ्या, आणि बाकीच्या मुलांना दिसणार नाही अशा कोपऱ्यात घ्या. नाहीतर पुढच्या पाच मुलांकडून तुम्हाला पहिल्याचीच उत्तरं मिळतील. भुकेच्या वेळी, झोपेच्या वेळी किंवा आवडता खेळ मोडून मुलाला उठवू नका. नको म्हणालं तर तो दिवस सोडा.

‘परीक्षा’, ‘बरोबर’, ‘हुशार’ हे शब्द त्या कोपऱ्यात येऊ देऊ नका. वॉलाक आणि कोगन या संशोधकांनी १९६५ साली दाखवलं की अनेक कल्पना सुचवायची कामं घड्याळ न लावता, खेळासारखी दिली, तर कल्पनांचं मोजमाप बुद्धिमत्तेच्या गुणांपासून बरंचसं वेगळं दिसू लागतं. त्यांच्या अभ्यासातली मुलं दहा-अकरा वर्षांची होती. मला तर वाटतं की चार वर्षांच्या मुलाला खेळाचं वातावरण त्याहून जास्त लागतं, कारण मोठ्यांच्या चेहऱ्यावरचा भाव ते आधी वाचतं आणि प्रश्न नंतर ऐकतं.

म्हणून चेहरा सांभाळा. पहिल्या उत्तराला ‘व्वा!’ म्हणालात की मूल तशाच प्रकारची आणखी उत्तरं देऊ लागतं. भुवया उंचावल्यात की थांबतं. प्रत्येक उत्तराला एकसारखं ‘हं’ म्हणा आणि लिहा. बक्षीस, चांदणी, शिक्का यांतलं काहीही आधी कबूल करू नका. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग बालवाडीतल्याच मुलांवर झाला होता. चित्र काढल्याबद्दल बक्षीस मिळणार असं ज्यांना आधी सांगितलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळेत चित्रांकडे कमी वळली.

कागदी कप: एक खेळ सविस्तर

सगळे खेळ सारख्याच तपशिलात सांगण्यापेक्षा एक नीट सांगते. दोन-तीन कागदी कप, एक बाहुली, एक मऊ अस्वल, चिकटपट्टी. मुलासमोर एकच कप ठेवायचा, बाकीचं सगळं हाताशी पण बाजूला. म्हणायचं ते एवढंच: “हा कप बघ. याचं काय काय करता येईल? मला सांग नाहीतर करून दाखव.” तुम्ही स्वतः एकही उदाहरण द्यायचं नाही. एका खेळण्यात चार करामती लपवून एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या माणसाने शिकवण्याच्या सुरात एक करामत दाखवली की मुलं तीच करत बसली आणि बाकीच्या शोधायला कमी गेली. तुमचं एक उदाहरण मुलाची तीन उत्तरं बंद करू शकतं.

आता पाच वर्षांच्या एका मुलीची नोंद, जशी लिहिली तशी:

‘कप घेतला. आत पाहिलं. “पाणी प्यायचं.” डोक्यावर ठेवला, “टोपी.” बाहुलीच्या डोक्यावर ठेवला, “हिची टोपी.” अस्वलाच्या डोक्यावर, “याची पण.” गप्प. कप हातात फिरवत राहिली. खिडकीकडे पाहिलं. कप आडवा करून जमिनीवर ढकलला. तो गोल वळून तिच्याकडेच आला. हसली. पुन्हा ढकलला, वाकून जवळून पाहिलं. “हा सरळ जातच नाही.” दुसरा कप मागितला. दोन्हींची तोंडं एकमेकांना लावून धरली, ढकलले. सुटले. आता बुडाला बूड लावलं. “ताई, हे चिकटव.” चिकटवून दिलं. ढकलले. सरळ गेले. “आता गाडी झाली.”’

ही नोंद नुसत्या आकड्यात घातली तर काय दिसेल? पिणं, टोपी, घरंगळवणं, गाडी. तीन टोप्यांची मी एकच कल्पना धरते. म्हणजे जेमतेम चार कल्पना. त्याच आठवड्यात एका मुलाने याच कपात पाणी, वाळू, मणी, खडे, पेन्सिली, बटणं, पानं आणि मुंग्या ठेवल्या. आठ उत्तरं, पण प्रकार एकच: भांडं. ओघात तो पुढे, लवचिकतेत ती. आणि तिने एक गोष्ट अशी केली जी चारही रकान्यांत नीट बसत नाही. तिला कपाच्या वागण्यातलं काहीतरी खटकलं, ते का होतंय याचा तिने पिच्छा पुरवला, एक जोड फसल्यावर दुसरी करून पाहिली. असं काही दिसलं की ते गुणांत कोंबू नका, वाक्यातच ठेवा.

नोंदीतला ‘गप्प’ हा शब्द पुन्हा पाहा. तिथे ताईने “अजून काय?” विचारलं असतं तर चौथी टोपी आली असती. सर्नॉफ मेडनिक याने १९६२ मध्ये मांडलं की आधी येतात ते सर्वांना सुचणारे संबंध, दुर्मीळ संबंध मागून येतात. मोठ्यांच्या बाबतीत हे पुष्कळदा दिसलं आहे, आणि कपाच्या खेळात मलाही वारंवार दिसतं. मूल वस्तू हातात खेळवत असेल तर ते संपलेलं नाही. मूल उठलं, तुमच्याकडे बघून “झालं” म्हणालं किंवा दुसऱ्याच गोष्टीकडे वळलं, तरच एकदा विचारा, “आणखी काही?” त्यानंतर थांबा.

उत्तर विचित्र असेल तर

मूल कप उचलून म्हणतं, “हा हत्ती.” हे धरायचं का? कल्पक म्हणजे नवीन आणि त्या जागी चपखल, असं आपण म्हणतो. पण चपखलपणा मुलाच्या डोक्यातला पाहायचा, आपल्या नाही. सरळ, उत्सुकतेने विचारा, “कसा बरं?” मुलाने कप नाकाला लावून सोंड हलवली तर उत्तर पूर्ण धरा. खांदे उडवले तर खोडू नका, वेगळ्या ओळीत लिहून ठेवा. तीन वर्षांच्या मुलाला कल्पना आधी सुचते आणि ती का सुचली हे बऱ्याच वेळाने सांगता येतं, कधी तर दुसऱ्या दिवशी.

नावीन्य ठरवायला वर्गाचीच यादी करा. सगळ्यांची उत्तरं एका मोठ्या कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे किती मुलांनी ते दिलं त्याच्या खुणा करा. पंचवीसच्या वर्गात एका-दोघांनीच दिलेलं उत्तर या वर्गापुरतं नवं. परदेशात ठरवलेल्या तक्त्यांवरून आपल्या मुलांना गुण देण्यापेक्षा हे मला जास्त प्रामाणिक वाटतं. मात्र पालकांना विचारून घ्या की घरी असं काही पाहिलंय का. पडद्यावर पाहिलेलं जसंच्या तसं केलं तर ती आठवण. तेच पाहिलेलं उचलून नव्या ठिकाणी लावलं तर ती कल्पना.

बाकीचे खेळ, थोडक्यात

खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत किती वेगवेगळ्या तऱ्हांनी जाता येईल? लाजऱ्या मुलांसाठी हा खेळ उत्तम. प्रकार ठरवताना नावाकडे पाहू नका. बेडूक, ससा आणि कांगारू म्हणत मूल तीनदा तीच उडी मारत असेल तर प्रकार एकच. शरीराचा कुठला भाग टेकला, तोंड कुठल्या दिशेला, वेग काय, वस्तू किंवा दुसरं माणूस सोबत घेतलं का, यांतलं काही बदललं तर नवा प्रकार. चालता न येणाऱ्या मुलाला हाच खेळ बाहुली हातात देऊन टेबलावर द्या. मोजायची गोष्ट तीच राहते.

अर्धवट गोष्ट सांगा, जिच्यात कुणीतरी अडकलेलं आहे: ससा खड्ड्यात पडलाय, दोरी आखूड पडतेय. पुढचं मूल सांगेल. घरची भाषा वेगळी असेल तर त्याला त्याच्या भाषेत बोलू द्या आणि ती कळणारं कुणी सोबत बसवा.

चित्रासाठी मला अॅनेट कार्मिलोफ-स्मिथ हिचं १९९० चं काम फार आवडतं: “जगात कुठेच नसेल असं घर काढ.” चार ते सहा वर्षांची मुलं बहुधा आकार बदलतात, अवाढव्य किंवा वाकडं घर काढतात, नाहीतर दार गाळून टाकतात. घराला पंख किंवा पाय लावणं, म्हणजे दुसऱ्याच जातीच्या वस्तूचा भाग आणून जोडणं, हे आठ-दहा वर्षांच्या मुलांत जास्त दिसलं. तेव्हा पाच वर्षांच्या मुलाच्या घराला पंख नाहीत म्हणून कल्पकता कमी लिहू नका. उलटंही घडतं. जर्मन आणि डेफेटर यांनी २००० साली पाहिलं की डबा वस्तू ठेवण्यासाठी वापरलेला समोर दिसला, तर सहा-सात वर्षांची मुलं उंच जागी पोचण्यासाठी तो पायाखाली घ्यायला उशीर लावतात. पाच वर्षांच्या मुलांना ती अडचण येत नाही. वय वाढलं की सगळं वाढतंच असं नाही, म्हणून तीन, चार आणि पाच वर्षांच्या मुलांच्या नोंदी एकमेकींशेजारी लावून तुलना करू नका.

चित्रांना गुण देताना सफाईला भुलणं सर्रास होतं. रेषेबाहेर न गेलेला रंग म्हणजे हातावरचा ताबा, तो वेगळा रकाना. इथे तेरेसा अॅमाबिले हिची १९८२ ची पद्धत कामी येते. दोन-तीन जाणत्या ताईंनी, नावं झाकून, एकमेकींशी न बोलता, तीच चित्रं आपापल्या नजरेने कमी-जास्त कल्पक अशी लावायची. क्रम बराचसा जुळला तर त्यावर विसंबता येतं. एखाद्या चित्रावर अजिबात जुळला नाही तर त्या चित्राबद्दल बसून बोला. वर्षभरातली माझी सगळ्यात उपयोगी चर्चा तिथेच होते.

मुक्त खेळ: अर्धं वजन इथे

ठरवलेले खेळ तुम्ही दिलेल्या प्रश्नाचं उत्तर दाखवतात. मुलाला स्वतःला प्रश्न पडतो का, हे मुक्त खेळातच दिसतं. म्हणून एकूण चित्रातलं निम्मं वजन मी त्याला देते. इंग्लंडमध्ये स्यू रॉबसन हिने लहान मुलांच्या खेळातली सर्जनशीलता पाहण्यासाठी तीन कप्पे केले: शोधाशोध, रमणं आणि चिकाटी. लक्षात ठेवायला सोपे, वर्गात वापरायलाही.

एका मुलाकडे दहा मिनिटं पाहा. नुसतं पाहा, मध्ये पडू नका. ठोकळ्यांचा पूल करताना फळी आखूड पडली, तर तो काय करतो? खांब जवळ आणतो, दुसरी फळी शोधतो, शेजारच्याला हाताने फळी धरून ठेवायला सांगतो, का ‘इथे नदी आटली’ म्हणून गोष्टच बदलतो? हे चारही उपाय आहेत, आणि शेवटचा तर मला फार आवडतो. कुणाची मदत मागितली, कुणाची कल्पना उचलून पुढे नेली, तेही लिहा. दुसऱ्याची कल्पना पुढे नेणं हे कल्पकतेचंच काम आहे.

नोंद लगेच करा. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदीत मुलाचे शब्द जातात आणि आपले शब्द येतात. वर्ग मोठा असेल तर रोज दोनच मुलं ठरवा आणि ती यादी भिंतीवर लावा. तसं केलं नाही तर लक्ष वेधून घेणाऱ्या चार मुलांच्या वह्या भरतात आणि कोपऱ्यातल्या मुलाचं पान कोरं राहतं.

पालकांना काय द्यायचं

आकडा देऊ नका, क्रमांक तर मुळीच नको. आणि प्रवेशासाठी किंवा ‘विशेष हुशार’ मुलांचा गट निवडण्यासाठी हे कधीही वापरू नका. हे वय असं आहे की सर्दी, रात्रीचं जागरण किंवा घरी आलेलं नवं बाळ एवढ्याने मुलाचा दिवस पालटतो. एका बैठकीवरून मुलाबद्दल निकाल देणं अन्यायाचं आहे, आणि तो कागद वर्षानुवर्षं मुलाच्या मागे लागतो.

मी साधारण असं लिहून देते: ‘वस्तू हातात घेऊन बराच वेळ न्याहाळते. सुरुवातीची उत्तरं ओळखीची असतात, थोडं थांबलं की स्वतःची वाट काढते. कप सरळ का जात नाही हे तिने स्वतः शोधलं. बोलून सांगण्यापेक्षा करून दाखवते. घरी तिला खोके, झाकणं, दोरा असं साहित्य आणि न टोकता वेळ द्यावा.’ पालक हे वाचून पुढचा प्रश्न विचारतात, मुलीला खोके कसले द्यायचे वगैरे. ‘उत्तम’ वाचून तेच पालक शेजारच्या मुलाला काय मिळालं एवढंच विचारतात.

वर्षातून दोन-तीन फेऱ्या पुरतात. दुसऱ्या फेरीत प्रश्न तोच ठेवा, वस्तू बदला: कपाऐवजी पुठ्ठ्याची नळी, नंतर कापडाचा तुकडा. वस्तू तीच ठेवली तर मागच्या वेळची उत्तरं आठवून येतात. तुलना मुलाची त्याच्या स्वतःशीच करायची. मागच्या वेळी भांड्यातच अडकलेला मुलगा नळीतून पाहतो का, ती कानाला लावतो का, हे पाहायचं. मात्र दुसरी नोंद पुरी लिहून होईपर्यंत पहिली उघडू नका. ती आधी वाचली की तुम्ही मुलाकडे न पाहता आठवणीतल्या मुलाला शोधू लागता.